न्हाणीघराचे पाणी फ्लशला आणि त्यातली ऊब गीझरला : सोसायट्यांसाठी मार्गदर्शन

घरातून बाहेर पडणारे पाणी दोन प्रकारचे असते. संडासातून जाते ते मैलापाणी. आंघोळ, हात-तोंड धुणे आणि कपडे धुणे यांतून निघते ते सांडपाणी, ज्याला बांधकामाच्या नियमांत ग्रे वॉटर म्हटलेले असते. स्वयंपाकघरातल्या सिंकचे पाणी नावाला सांडपाणीच असले तरी त्यात तेल, खरकटे आणि पिठाचे कण असतात. ते काही तासांतच आंबते आणि पाईपच्या आतून चिकट थर धरते. पुनर्वापराच्या योजनेत सिंकचे पाणी शक्यतो धरूच नये.

उन्हाळ्यात टँकरची बिले वाढली की सोसायट्यांमध्ये हा विषय निघतो आणि तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. जुन्या इमारतीत हे जमते का? हे पाणी कशाकशाला चालते? आपला बंद पडलेला एसटीपी, म्हणजे मैलापाण्यासह सगळे पाणी शुद्ध करणारा प्लांट, आणि हे एकच का? आंघोळीच्या पाण्यातली ऊब परत मिळते म्हणतात, ती गीझरला लावता येते का? यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे इमारतीच्या मागच्या भिंतीवरचे पाईप आणि वहीतला साधा हिशेब यांतून मिळतात. यंत्रसामग्री विकणाऱ्याला बोलावण्याची वेळ त्यानंतरची.

आधी हिशेब : किती निघते, किती लागते

भारतीय मानक आयएस ११७२ मध्ये शहरी घरासाठी दरडोई, दररोज १३५ लिटर पाणी धरले आहे. त्याची विभागणी प्रचलित आहे ती अशी : आंघोळ ५५, फ्लश ३०, कपडे २०, घराची साफसफाई १०, भांडी १०, स्वयंपाक ५ आणि पिणे ५ लिटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत फ्लशसाठी ४५ लिटर धरतात.

चाळीस सदनिकांची, घरटी चार माणसांची इमारत घेतली तर माणसे झाली १६०. त्यांच्या आंघोळीचे पाणी मानकानुसार रोज ८,८०० लिटर. फ्लशला लागते ४,८०० ते ७,२०० लिटर. म्हणजे एकट्या आंघोळीच्या पाण्यावर साऱ्या इमारतीचे फ्लश चालतात. वॉशिंग मशीनचे पाणीही त्यासाठी लागत नाही.

हा निष्कर्ष साधा असला तरी पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. जितके निघते तितके सगळे गोळा करण्याचा मोह आवरावा. साबण कमी असलेले, तेल नसलेले पाणी शुद्ध करणे सोपे आणि स्वस्त असते. त्यात डिटर्जंट मिसळला की फेस येतो, सिंक जोडले की तेल येते, आणि प्लांट दुप्पट मोठा होऊनही नीट चालत नाही. जेवढे वापरता येईल तेवढेच घ्यावे, आणि सगळ्यांत स्वच्छ उगमातून घ्यावे.

मानकातला आकडा मात्र आपल्या इमारतीचा असेलच असे नाही. जिथे बहुतेक घरांत बादलीने आंघोळ होते तिथे माणशी दोन बादल्या, म्हणजे सुमारे ३० लिटर पाणी पडते. त्या हिशेबाने १६० माणसांचे रोजचे पाणी ४,८०० लिटर होते, फ्लशच्या किमान गरजेइतके. वर थोडे ताजे पाणी घालावे लागेल, एवढाच फरक. खरा आकडा काढायला आठवडाभर पंपाचे तास वहीत लिहावेत. गच्चीवर फ्लशची टाकी वेगळी असेल तर तिच्या पाईपवर मीटर बसवावा.

बचतही याच हिशेबातून दिसते. रोज ५,००० लिटर वाचले तर महिन्याला दीड लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. एवढे पाणी रोज २५ मीटर उंच चढवायला पंपाला साधारण एक युनिट वीज लागते. प्लांटमधल्या हवा देणाऱ्या ब्लोअरची वीज आणि ऑपरेटरचा पगार हे त्यापेक्षा मोठे खर्च, आणि विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये नेमके तेच बारीक अक्षरांत असतात.

इमारत बघावी : पाईप एक की दोन

जुन्या इमारतीत जमेल का, या प्रश्नाचे उत्तर इमारतीच्या वयावरून मिळत नाही. मैलापाणी आणि सांडपाणी खाली वेगवेगळे उतरते की एकाच पाईपने, हे बघावे लागते. गंमत अशी, की मुंबई-पुण्यातल्या कित्येक जुन्या इमारती या बाबतीत नव्यांपेक्षा सोयीच्या आहेत. त्यांच्या मागच्या भिंतीवर दोन डाऊनटेक पाईप शेजारी-शेजारी उतरतात. संडासाचा पाईप थेट चेंबरमध्ये जातो, न्हाणीघराचा पाईप आधी जमिनीलगतच्या गली ट्रॅपमध्ये पडतो. उलट, अनेक नव्या इमारतींत एकच पाईप दोन्ही पाणी घेऊन जातो. तिथे वेगळे करण्यासारखे काही उरलेलेच नसते; प्रत्येक घराची फरशी फोडायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

खात्री करायला रंगाची चाचणी करावी. एका घरातल्या न्हाणीघरात बादलीभर पाण्यात खाण्याचा गडद रंग कालवून तो न्हाणी ट्रॅपमध्ये ओतावा. त्याच वेळी खाली एक माणूस गली ट्रॅपची जाळी आणि चेंबरचे झाकण उघडून उभा असावा. रंग गली ट्रॅपमध्ये दिसला तर तो पाईप कामाचा. थेट चेंबरमध्ये, मैल्याच्या पाण्यात दिसला तर नाही. मग हीच चाचणी सिंकमधून आणि वॉशिंग मशीनच्या जागेतून करावी. बाल्कनीत मशीन ठेवलेल्या घरांचे पाणी पुष्कळदा पावसाच्या पाईपने खाली जाते, तेही यातच उघडकीला येते. प्रत्येक डक्टमधल्या एका तरी घरात ही चाचणी व्हावी. नकाशावर दोन पाईप असतात आणि मधल्या काळात कोणीतरी नूतनीकरण करताना संडास शेजारच्या पाईपला जोडलेला असतो.

दुसरी बघायची गोष्ट गच्चीवर आहे. मुंबईत बहुतेक इमारतींवर पिण्या-वापरण्याची आणि फ्लशची अशा दोन वेगळ्या टाक्या असतात, आणि काही ठिकाणी फ्लशच्या टाकीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चढवतात. अशा इमारतीत शुद्ध केलेले पाणी घरोघर पोचवायचा पाईप आधीपासूनच आहे. बाहेर दोन डाऊनटेक आणि वर दोन टाक्या असलेली इमारत हाताशी असेल तर काम निम्मे झाले असे समजायला हरकत नाही. वर एकच टाकी असेल तर फ्लशसाठी नवा पाईप प्रत्येक संडासापर्यंत न्यावा लागतो. तो डक्टमधून बाहेरून नेता येतो का, हे प्लंबरला प्रत्यक्ष चढवून पाहावे.

पर्याय

इमारतीप्रमाणे मार्ग बदलतो. लहानापासून मोठ्यापर्यंत ते असे :

- घरापुरते. वॉशिंग मशीनच्या शेवटच्या खळबळणीचे पाणी बादलीत घेऊन संडासात ओतणे किंवा फरशी पुसायला वापरणे. यात यंत्र नाही, परवानगी नाही. वरून उघडणारे मशीन एका धुण्याला शंभर लिटरच्या वरही पाणी घेते, त्यामुळे ही बचत क्षुल्लक नाही.
- बेसिन ते फ्लश. बेसिनचे पाणी जाळीतून गाळून फ्लशच्या टाकीत. लहान प्रमाणात ठीक, पण टाकीत साबणाचा थर आणि वास येतो. आठवड्याला टाकी धुण्याची तयारी असेल तरच करावे.
- बंगला किंवा रो हाऊस. न्हाणीघराचे पाणी केसांची जाळी आणि लहान गाळटाकीतून थेट झाडांच्या मुळाशी.
- सोसायटीचा सांडपाणी प्लांट. दोन पाईप असलेल्या इमारतीसाठी.
- असलेला एसटीपी पुन्हा चालू करणे. मोठ्या संकुलांसाठी.

शेवटच्या मार्गाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्या अटींत सांडपाणी शुद्ध करून वापरणे बहुधा असतेच. तळघरात एसटीपी बांधलेला असतो, फ्लशचे वेगळे पाईपही टाकलेले असतात, पण प्लांट बंद आणि फ्लशला टँकरचे पाणी, असे चित्र अनेक संकुलांत आहे. तिथे नवा ग्रे वॉटर प्लांट घेण्याचा प्रस्ताव आला तर थांबावे. एसटीपीत मैलापाणीही येते, म्हणून त्याला जास्त शुद्धीकरण लागते, एवढाच दोहोंतला फरक. पण बांधलेल्या टाक्या आणि टाकलेले पाईप नव्या कोणत्याही योजनेपेक्षा स्वस्त पडतात. बंद का पडला ते आधी शोधावे. बहुतेक वेळा ब्लोअर बिघडलेला असतो, किंवा ऑपरेटर सोडून गेलेला असतो, किंवा वीजबिल बघून समितीने मुख्य बटण बंद केलेले असते.

प्लांटमध्ये काय घडते

सांडपाण्यात मैला नसला तरी अंगावरचे जंतू, साबण, तेल आणि केस असतात. साठवून ठेवले तर त्यातला प्राणवायू संपतो, पाणी काळपट होते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून न शुद्ध केलेले सांडपाणी चोवीस तासांपेक्षा जास्त साठवू नये. शुद्धीकरणाचा क्रम सर्वत्र सारखाच : जाळीत केस अडकतात, गाळटाकीत जड कण खाली बसतात आणि साय वर राहते, हवा दिलेल्या टाकीत जिवाणू साबण आणि घाण खातात, मग वाळू व कोळशाचे फिल्टर, आणि शेवटी क्लोरिन किंवा अतिनील दिवा.

जागा असेल तर यांतले मधले काम झाडेही करतात. खडीने भरलेल्या उथळ हौदात कर्दळ किंवा पाणकणीस लावून त्यातून पाणी हळूहळू वाहू देतात. वीज नगण्य लागते. नागपूरच्या नीरी या संस्थेने युनिसेफबरोबर मध्य प्रदेशातल्या आश्रमशाळांत मुलांच्या आंघोळीचे पाणी गाळून संडासांच्या फ्लशला आणि बागेला वापरण्याची पद्धत बसवली, आणि २००७ मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिथली रचना गाळटाकी आणि खडी-वाळूच्या थरांची, गावातल्या गवंड्याला बांधता येईल अशी आहे. शहरातल्या लहान सोसायटीनेही महागड्या यंत्राआधी तिचा विचार जरूर करावा.

शुद्ध झालेले पाणी दिसायला स्वच्छ असणे पुरेसे नाही. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या यंत्रणेच्या सांडपाणी नियमपुस्तिकेत फ्लशसाठी बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत, विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू शून्य आणि शिल्लक क्लोरिन १ मिलिग्रॅम अशी कसोटी आहे. विक्रेत्याशी करार करताना हेच आकडे करारात लिहून घ्यावेत आणि पाण्याचा नमुना विक्रेत्याच्या प्रयोगशाळेऐवजी सोसायटीने निवडलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा.

सर्वांत धोक्याची जागा : जेट स्प्रे

पाश्चात्त्य देशांतली माहितीपत्रके फ्लशच्या टाकीपाशी थांबतात. आपल्याकडे त्याच टाकीच्या शेजारी जेट स्प्रे असतो. प्लंबर पुष्कळदा भिंतीतल्या एकाच अँगल कॉकवरून टी काढून एक नळी फ्लशला आणि दुसरी जेटला देतो. फ्लशच्या पाईपमध्ये पुनर्वापराचे पाणी सोडले की तेच पाणी जेटमधून अंगावर येते. घरातल्यांना हे कळतही नाही, कारण पाणी दिसायला तसेच असते. लहान मुले, वृद्ध आणि जखम असलेली माणसे यांना त्यातून थेट संसर्ग होऊ शकतो.

म्हणून पाणी सुरू करण्याआधी प्रत्येक घरातले प्रत्येक शौचालय बघितलेच पाहिजे. जेटला ताज्या पाण्याचा वेगळा कॉक द्यावा. ज्या घराने अजून बदल केला नाही, त्याचा फ्लशचा पुरवठा बंद ठेवावा, मग त्या सभासदाने कितीही आग्रह धरला तरी.

पाईपांची चुकीची जोड शोधण्याची सोपी चाचणी आहे. पिण्या-वापरण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून सगळ्या घरांतले नळ उघडावेत आणि पाईपमधले उरलेले पाणी निघून जाऊ द्यावे. फक्त फ्लशची टाकी चालू ठेवावी. आता ज्या नळाला किंवा जेटला पाणी येते, तिथे चुकीची जोड आहे. त्याचबरोबर :

- पुनर्वापराच्या पाईपला वेगळा रंग द्यावा आणि दर मजल्यावर ‘हे पाणी पिण्याचे नाही’ असे मराठीत व हिंदीत लिहावे.
- या पाईपवर कुठेही साधा नळ ठेवू नये. सुरक्षारक्षक, कामगार आणि खेळून तहानलेली मुले नळ दिसला की तोंड लावतात. बागेतला कॉक किल्लीने उघडणारा असावा.
- फ्लशच्या टाकीत ताजे पाणी घालायचा पाईप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत संपला पाहिजे. तो पाण्यात बुडालेला असेल तर दाब कमी झाल्यावर पुनर्वापराचे पाणी उलट ताज्या पाण्याच्या पाईपमध्ये ओढले जाते.
- प्लांट बंद पडला तर सांडपाणी आपोआप ड्रेनेजमध्ये जाईल असा बायपास असावा.

बागेला देताना

मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ वाढवणे आपल्याकडे नवे नाही. पण त्या काळच्या मोरीत शिकेकाई, रिठा आणि राख जात होती. आजच्या धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. ते मातीत साठत जातात आणि काळ्या चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतात. मग माती पाणी आत घेत नाही, वर चिखल आणि वाळल्यावर कडक ढेकूळ होते. पठारावरच्या आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीला हा धोका कोकणातल्या जांभ्यापेक्षा जास्त आहे. बागेला आंघोळीचे पाणी द्यावे, डिटर्जंटचे टाळावे, आणि पावसाळ्यात मातीला आपोआप धुऊन निघू द्यावे.

न शुद्ध केलेले पाणी स्प्रिंकलरने उडवू नये, कारण तुषारांबरोबर जंतू श्वासात जातात. ते मुळाशी, पालापाचोळ्याच्या थराखाली सोडावे. कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो अशी कच्ची खाल्ली जाणारी पिके त्यावर घेऊ नयेत. नारळ, केळी, आंबा, जास्वंद यांना हरकत नाही. ज्या घरात कोणाला जुलाब किंवा कावीळ झाली आहे, किंवा बाळाची लंगोटी न्हाणीघरात धुतली जाते, त्या घराचे पाणी तेवढे दिवस ड्रेनेजमध्येच सोडावे.

पाण्यातली ऊब : कुठे मिळते, कुठे नाही

आंघोळीचे पाणी न्हाणी ट्रॅपमधून जाते तेव्हा ते अजून कोमट असते. ती ऊब परत घेण्याचे साधन सोपे आहे : सांडपाण्याच्या तांब्याच्या पाईपभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची नळी. आतून कोमट सांडपाणी खाली उतरते, बाहेरच्या नळीतून थंड ताजे पाणी वर जाते आणि वाटेत थोडे तापून गीझरला किंवा मिक्सरच्या थंड बाजूला मिळते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. कॅनडा आणि नेदरलँड्ससारख्या थंड देशांत ही साधने घरांत बसवली जातात.

आपल्याकडे ती किती उपयोगी, हे आंघोळीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. शॉवरखाली आंघोळ करताना गरम पाणी येत असते त्याच क्षणी खाली कोमट पाणी जात असते, म्हणून देवाणघेवाण होते. बादलीच्या आंघोळीत तसे होत नाही. सात वाजता नळ सोडला, तीन मिनिटांत बादली भरली, नळ बंद झाला. मग तांब्याने पाणी घेत आंघोळ सुरू झाली. कोमट पाणी पाईपमधून उतरत आहे तेव्हा बाहेरच्या नळीत पाणी हलतच नाही. नळीत साठलेले लिटरभर पाणी तेवढे तापते, बाकीची सगळी ऊब ड्रेनेजमध्ये जाते. बादलीच्या घराला हे साधन विकू पाहणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारावा.

शॉवरच्या घरातही हिशेब मांडावा. आठ मिनिटांच्या शॉवरला मिनिटाला आठ लिटर धरून ६४ लिटर पाणी लागते. पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे दीड युनिट वीज खर्च होते. सांडपाणी ३७ अंशांवर उतरत असेल आणि साधन ४० टक्के कार्यक्षमतेने चालत असेल तर साधारण अर्धे युनिट परत मिळते. कॅनडातल्या हिवाळ्यात नळाचे पाणी ५ अंशांवर असेल तर त्याच साधनातून जवळजवळ दुप्पट, सुमारे ०.९५ युनिट मिळते. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात साधन थोडेफार चालते. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे वर्षातले बहुतेक महिने नळाचे पाणीच इतके उबदार असते, की परत घ्यायला फारसे काही उरत नाही.

जागेचीही अडचण आहे. उभ्या साधनाला दीड-दोन मीटर सरळ उतार लागतो, म्हणजे सदनिकेत तो खालच्या शेजाऱ्याच्या न्हाणीघरात पडतो. शॉवरच्या तळाशी बसणारी आडवी साधने मिळतात, पण त्यांची कार्यक्षमता कमी असते आणि साबणाचा थर काढत राहावा लागतो. काहीही बसवले तरी ते दुहेरी भिंतीचे असावे, म्हणजे छिद्र पडल्यास पाणी बाहेर टपकेल, ताज्या पाण्यात शिरणार नाही. तापवलेले कोमट पाणी टाकीत साठवू नये. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनियाचे जिवाणू वाढतात, म्हणून साठवणीचे गरम पाणी ६० अंशांवर ठेवतात.

वसतिगृह, रुग्णालय, हॉटेल, मोठी व्यायामशाळा अशा ठिकाणी चित्र वेगळे असते. तिथे सकाळी दोन तासांत हजारो लिटर कोमट पाणी एका टाकीत जमते. त्या टाकीतून हीट पंपाने ऊब काढून गरम पाण्याच्या टाकीत देता येते. हवेतून ऊब घेणाऱ्या पंपापेक्षा कोमट पाण्यातून घेणारा पंप कमी वीज खातो, विशेषतः थंडीत. ऊब शुद्धीकरणाआधी काढावी की नंतर, याचा निर्णय देखभालीवर होतो. आधी काढली तर पाणी जास्त गरम मिळते, पण केस आणि साबण पंपाच्या नळ्यांत अडकतात. नंतर काढली तर नळ्या स्वच्छ राहतात, ऊब थोडी कमी मिळते. ऑपरेटर रोज जाळी साफ करील याची खात्री नसेल तर नंतरच काढावी. जर्मनीत बर्लिनमधल्या काही निवासी इमारतींत सांडपाण्याचा पुनर्वापर आणि ऊब परत घेणे एकाच यंत्रणेत जोडलेले आहे, पण तिथे ही ऊब मोलाची ठरते ती लांब हिवाळ्यामुळे.

आपल्या सोसायट्यांत ऊब खरी वाया जाते ती दुसरीकडे. गच्चीवरच्या सोलरपासून खालच्या मजल्यापर्यंत पाईप तीस मीटर लांब असेल तर त्यात रात्रभर सुमारे नऊ लिटर पाणी थंड होऊन बसते. सकाळी गरम पाणी येईपर्यंत प्रत्येक घर ते न्हाणीत सोडून देते. हे पाणी पूर्ण स्वच्छ असते. ते बादलीत धरून कपड्यांना वापरावे, आणि सोसायटीने गरम पाण्याच्या पाईपला इन्सुलेशन घालून शक्य असेल तिथे पाणी फिरते ठेवणारा परतीचा पाईप टाकावा. ऊब परत घेणाऱ्या कोणत्याही साधनाआधी हे काम करावे.

नियम आणि हक्क

मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे युडीसीपीआरमध्ये, पावसाचे पाणी आणि सोलरबरोबर ग्रे वॉटरच्या पुनर्वापराचीही तरतूद आहे. मुंबईला ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ लागू आहे. आपल्या प्रकल्पाला कोणती अट लागू होते हे मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि पर्यावरण मंजुरीच्या अटी वाचून ठरते. काही महापालिका पर्यावरणपूरक सोयींसाठी मालमत्ता करात सवलत देतात. आपल्या महापालिकेत सांडपाणी प्लांट त्यात बसतो का, हे लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

रेरा कायद्याने, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, ग्राहकांना इथे दोन भक्कम आधार दिले आहेत. कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा किंवा सेवांच्या तरतुदीतला दोष दाखवून दिला तर विकासकाने तो तीस दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. न चालणारा एसटीपी यात मांडता येतो. कलम १७ नुसार सामाईक भागांचे नकाशे आणि कागदपत्रे संस्थेला द्यावी लागतात. प्लांटचे आरेखन, पाईपांचा नकाशा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे ही सगळी कागदपत्रे नावानिशी यादी करून मागावीत. पाच वर्षे संपायला थोडे महिने उरलेल्या संकुलांनी प्लांटची तपासणी लगेच करून घ्यावी.

सोसायटीच्या आत, सामाईक पाईपला हात लावणारा कोणताही बदल सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनेच व्हावा. एखाद्या सभासदाने आपल्या घरापुरता पाईप वेगळा काढायचा म्हटला तरी डाऊनटेक सर्वांचा असतो. आदर्श उपविधींनुसार सामाईक पाईपच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने आणि घरातल्या अंतर्गत गळतीची त्या सभासदाच्या खर्चाने होते. फ्लशचा नवा पाईप कोणत्या जोडापर्यंत सामाईक आणि कुठून खासगी, हे ठरावातच लिहावे. पुढची भांडणे याच जोडावर होतात.

टाकी साफ करण्याबाबत कसलीही तडजोड नको. सांडपाण्याच्या बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो, आणि जास्त प्रमाणात असला तर त्याचा वासही येईनासा होतो. आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्या माणसाकडून धोकादायक रीतीने साफ करून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. टाकी बाहेरूनच पंपाने उपसता येईल अशी बांधावी, आणि उपशाचे काम यंत्र असलेल्या संस्थेलाच द्यावे.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना याहून चांगली वेळ मिळणार नाही. इमारत उभी राहत असताना दुसरा पाईप टाकायचा खर्च किरकोळ असतो, नंतर तोच फरशा फोडून करावा लागतो. सल्लागाराच्या व्यवहार्यता अहवालातच सांडपाण्याचा वेगळा डाऊनटेक, फ्लशची वेगळी टाकी, जेटसाठी ताज्या पाण्याचा वेगळा पॉइंट आणि प्लांटची जागा मागावी, आणि हे सर्व निविदेत व विकसन करारात उतरले आहे का ते तपासावे. नंतर हाती येणाऱ्या रंगीत माहितीपत्रकातल्या ‘हरित’ या शब्दावर विसंबू नये.

सभेपुढे प्रस्ताव ठेवण्याआधी

समितीच्या हातात रंगाच्या चाचणीचा निकाल, आठवड्याच्या पाण्याच्या नोंदी आणि निदान तीन कोटेशने असावीत. प्रत्येक विक्रेत्याकडून पुढील बाबी लेखी घ्याव्यात :

- रोजची वीज किती युनिट, आणि ब्लोअर-पंपांची अश्वशक्ती;
- वर्षाला लागणारे क्लोरिन, फिल्टरची वाळू-कोळसा आणि त्यांचा खर्च;
- ऑपरेटर कोणाचा, किती तास, रजेच्या दिवशी कोण;
- शुद्ध पाण्याची हमी आणि ती मोडल्यास दंड;
- तीन वर्षे चालू असलेल्या प्लांटचा पत्ता, जिथे आधी न कळवता समितीला जाऊन बघता येईल.

शेवटच्या बाबीवर भर द्यावा. तीन वर्षे चाललेल्या प्लांटजवळ पाच मिनिटे उभे राहिले की वास, आवाज आणि देखभाल यांचा अंदाज कोणत्याही सादरीकरणापेक्षा नीट येतो. तिथल्या ऑपरेटरशी एकट्याने बोलावे आणि क्लोरिन तपासण्याची वही बघावी. पानावर सगळ्या महिन्याचे आकडे एकाच शाईने, एकाच हाताने आणि तंतोतंत सारखे लिहिलेले दिसले तर दुसरा प्लांट बघायला जावे.

मंजुरी मिळाल्यावर पहिला महिना शुद्ध केलेले पाणी फक्त बागेला द्यावे. या काळात घरोघर जेटच्या जोडण्या बदलून, व्हॉल्व्ह बंद करून चाचणी घ्यावी आणि पाण्याचे दोन नमुने तपासून घ्यावेत. दोन्ही नमुने कसोटीला उतरले आणि चाचणीत एकाही नळाला पाणी आले नाही, तर गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडावा.